'ला तूर दार्जां' : प्राचीनत्वाचा दावा आणि परंपरेची घडण

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीरावर 'ला तूर दार्जां', म्हणजे 'चांदीचा मनोरा', हे उपाहारगृह आहे. त्याची स्थापना १५८२ साली झाली, असा संस्थेचा दावा आहे. या दाव्यास समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. शिवाय स्वतंत्र मेजावर बसून पदार्थांच्या यादीतून निवड करण्याची सोय देणारे 'रेस्टॉरंट' पॅरिसमध्येच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आले. हा शब्दही मुळात शक्तिवर्धक रश्शासाठी वापरला जाई. तेव्हा १५८२ मध्ये येथे काही असलेच, तर ती फार तर खानावळ वा सराई म्हणता येईल.

संस्थेचा मोजता येण्याजोगा इतिहास सुरू होतो तो फ्रेदेरिक देलेर याच्यापासून. रूआँ भागात प्रचलित असलेला बदकाचा एक पदार्थ त्याने येथील मुख्य विधी बनविला. अर्धवट भाजलेल्या बदकाचे मांस काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा धातूच्या दाबयंत्रात पिळला जातो. त्यातून निघणारे रक्त व मज्जारस यांत कोन्याक मिसळून पाहुण्यांच्या देखत रस्सा सिद्ध केला जातो. १८९० पासून देलेरने प्रत्येक बदकास क्रमांक दिला आणि तो क्रमांक लिहिलेले पत्रक पाहुण्यास देण्याची प्रथा पाडली. ज्या संस्थेपाशी आरंभाचा दस्तऐवज नाही, तिने बदकांची मात्र अखंड नोंद ठेवावी, हे लक्षणीय आहे.

पुढे आंद्रे तेराय याने हे उपाहारगृह विकत घेतले. 'कॅफे आंग्ले' या प्रख्यात उपाहारगृहाच्या मालकाचा तो जावई. १९१३ मध्ये ते बंद पडल्यावर त्याचा वारसाही 'तूर दार्जां'कडे आला. ७ जून १८६७ रोजी तेथे झालेली 'तीन सम्राटांची मेजवानी' आज याच संस्थेच्या इतिहासात सांगितली जाते. वस्तुतः त्या रात्री उपस्थित असलेल्या तिघांपैकी सम्राट एकच होता : रशियाचा दुसरा अलेक्झांडर. त्याचा पुत्र १८८१ मध्ये, तर प्रशियाचा राजा विल्हेल्म १८७१ मध्ये सम्राट झाला. मेजवानीचे नावदेखील मागाहूनच पडलेले!

१९३६ मध्ये भोजनकक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर नेण्यात आला आणि नोत्र-दामचे दर्शन हे जेवणाचे अंग बनले. आंद्रेचा पुत्र क्लोद याच्या प्रदीर्घ कारकिर्दीत संस्थेस मोठी कीर्ती लाभली. तथापि मिशेलँ मार्गदर्शिकेने १९९६ मध्ये तिसरा आणि २००६ मध्ये, म्हणजे क्लोदच्या निधनाच्याच वर्षी, दुसरा तारा काढून घेतला. दरम्यान २००३ मध्ये बदकांचा क्रमांक दहा लाखांवर पोहोचला होता.