गावाची खोड

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरीच्या मधल्या ओढ्यावर जाणार असाल, तर मनाची तयारी करून जा. अलीकडे सुखेडच्या बाया, पलीकडे बोरीच्या. हलगी कडाडली की पदर खोचून, हातवारे करकरून एकमेकींना शिव्यांची लाखोली! याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. पाटलाच्या दोन बायका इथे भांडल्या आणि तिथून हे सुरू झालं, अशी दंतकथा. सवती गेल्या, भांडण उरलं. शेजारगावात निम्मी सोयरीक असतेच. तेव्हा शिव्यांना आतल्या माहितीचा भक्कम आधार असणार, असा आपला माझा अंदाज.

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विड्याची मुलगी केलेल्यांनी मात्र धुळवडीला जपावं. त्या दिवशी एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून गावभर मिरवतात. पोरांची पथकं आधीपासून मागावर असतात, जावई लपून बसतात. मिरवणूक संपली की कपड्यांचा आहेर होतो, कधी सोन्याची अंगठीही मिळते. तेवढ्यासाठी मुद्दाम सापडणारा एखादा निघत असेलच!

पाथर्डी तालुक्यातलं नांदूर निंबादैत्य आणखी निराळं. सगळीकडे गाव मारुतीच्या पारावर बसतं, इथे मारुतीचं देऊळच नाही. गावाचं दैवत निंबादैत्य. मुलाचं नाव मारुती ठेवत नाहीत आणि मारुती कंपनीची गाडीही घेत नाहीत.

नावांवरून आठवलं. आपल्या मुलखात वडगावं उदंड. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतले, अर्थ थोरलं आणि धाकटं. पुण्याच्या सिंहगड रस्त्याला दोन्ही वडगावं आहेत. तरी पुरेना, मग मावळातलं ते वडगाव मावळ, निंबाळकरांचं ते वडगाव निंबाळकर. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, पोरं पुस्तकात. साडेआठला पुन्हा भोंगा, की सुटका.

त्याच जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागात एखाद्या ओसरीवर तमिळ किंवा पंजाबी कानावर पडली तर दचकू नका. इथली माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. जत्रेला घरी येताना तिथली भाषाही घेऊन येतात.

पण माझा जीव अडकलाय तो मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात. काही वर्षांनी तिथे रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव घरांना कुलपं लावून शिवेपलीकडे जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांसकट. ही गावपळण. तीन दिवस, तीन रात्री खोपी उभारून राहायचं, उघड्यावर चुली पेटवायच्या, रात्री भजनं म्हणायची. भावकीत बोलणं बंद असलेल्यांच्या खोपीही शेजारी-शेजारी पडत असतील, मग मीठ-मिरची तरी मागावी लागणारच. इकडे गावात चिटपाखरू नाही. वैभववाडीतल्या शिराळ्याला तर गावपळण दर वर्षी.

परतायचं तेही मनाला आलं म्हणून नाही. आचऱ्यात चौथ्या दिवशी पुन्हा देवाला कौल लावतात. देव नाही म्हणाला, तर मुक्काम वाढला.