स्क्वॉट आणि गुडघ्याची उगाच भीती

काल जिममध्ये एक काका स्क्वॉट करताना तोल जाऊन मागे बसलेच. कारण काय, तर "गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये" असं त्यांना कुणीतरी बजावलेलं.

हा नियम डोक्यातून काढून टाका. मांडीचं हाड लांब असेल तर खोल बसताना गुडघा पुढे जाणारच. तो जबरदस्तीने मागे धरला की धड जास्त झुकतं आणि भार कंबरेवर येतो. तालमीतल्या बैठकांत तर टाचासुद्धा उचलतात! अर्थात, तिथे खांद्यावर बार नसतो.

वजन घेतलं की टाच जमिनीवरच हवी. पावलं साधारण खांद्याइतकी रुंद, बोटं किंचित बाहेर. खाली जाण्याआधी श्वास घेऊन पोट घट्ट करा. गुडघे बोटांच्या दिशेने जाऊ द्या. वर येताना ते आत वळतात, खरी गडबड तिथे होते. तसं झालं तर आधी वजन कमी करा.

टाच उचलली जातेय? बऱ्याचदा घोटा आखडलेला असतो. टाचांखाली छोट्या प्लेटा ठेवून बघा, लगेच फरक कळेल.

गुडघा आधीच दुखत असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टना दाखवा. बाकी काही अडत असेल तर बिनधास्त विचारा.