पैनगंगेच्या काठाने

नदी पाहावयास जाणे म्हणजे घाटाच्या पायरीवर बसून पाणी न्याहाळणे, असे पुष्कळांस वाटते. परंतु नदी ही एका जागेची वस्तू नव्हे. एका ठिकाणी दिसणारे तिचे रूप हे बहुधा दुसऱ्या ठिकाणी घडलेल्या गोष्टींचे फळ असते. म्हणून तिची ओळख करून घ्यावयाची, तर काही कोस तिच्या सोबतीने जावे लागते; आणि शाळेतील मुलामुलींना हे एका दिवसात साधावयाचे, तर मोटारीसारखे दुसरे साधन नाही.

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा हे गाव अशा सहलीस फार सोयीचे आहे. नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसले आहे. सहलीसाठी एस. टी. ची संपूर्ण गाडी भाड्याने ठरविता येते. या व्यवस्थेस ‘प्रासंगिक करार’ असे भारदस्त नाव आहे. पाश्चात्त्य देशांत चूल आणि बिछाना यांसह घरच चाकांवर घेऊन नदीकाठाने हिंडणारी कुटुंबे आढळतात. आपल्याकडे धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि वडाची सावली एवढ्यावर ते काम उत्तम भागते!

पहाटे निघालेली गाडी वारंगा फाटा आणि आखाडा बाळापूर मागे टाकून कळमनुरीच्या बाजूस वळते. इसापूरचे धरण गाठण्यापूर्वी वाटेत कयाधू नदी ओलांडावी लागते. याच कयाधूच्या काठी, हिंगोलीजवळ, नर्सी हे गाव असून संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते पूजिले जाते. उन्हाळ्यात कयाधूचे पात्र अगदी क्षीण दिसते. गाडीतील मुले तिच्याकडे फारसे लक्षही देत नाहीत. तिची आठवण मात्र दुपारी ठेवावी लागणार आहे.

इसापूर येथे पैनगंगेचे प्रथम दर्शन घडते, परंतु ती नदी आहे असे वाटतच नाही. दृष्टी पोहोचेल तेथवर पाणीच पाणी! सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या या धरणाने वाहत्या नदीचा सागर केला आहे. १९८२ साली बांधलेल्या या धरणात सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त पाणी मावते. पावसाळ्यात साठविलेले हे पाणी पुढे कालव्यांवाटे शेतांस मिळते. कळमनुरी, हदगाव, अर्धापूर या भागांतील कित्येक शिवारे त्यावर भिजतात. या साठ्यासाठी काहींची शेते आणि राहती घरे पाण्याखाली गेली, हेही मुलांस सांगितले पाहिजे. एकाच्या शेताला पाणी मिळावे म्हणून दुसऱ्याने आपले शेत सोडले, असा हा व्यवहार आहे.

येथून परत वारंगा फाट्यास येऊन हदगाव, हिमायतनगर, इस्लापूर या मार्गाने सहस्रकुंडास जावयाचे. प्रवास लांबचा आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगून घ्यावी. पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड प्रांत १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला, अलीकडचा मराठवाडा निजामाकडे राहिला आणि नदी ही सरहद्द झाली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा दोन्ही तीर पुन्हा एका राज्यात आले.

सहस्रकुंड डोळ्यांआधी कानांस कळते. काळ्या कातळावरून पैनगंगा अनेक धारांनी खाली झेप घेते. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थिजलेला लाव्हारस होय. पावसाळ्यानंतर, भाद्रपद-आश्विनात, हे दृश्य भव्य असते. उन्हाळ्यात पाणी ओसरते व काळे खडक उघडे पडतात. मग त्या खडकांवर उतरण्याचा मोह अनेकांस होतो.

सकाळची कयाधू आठवावयाची ती येथे. इसापूरचे दरवाजे उघडले की पाणी सहस्रकुंडाकडे धावू लागते. दरवाजे बंद असले तरी धोका टळला असे होत नाही, कारण कयाधू धरणाच्या खालच्या बाजूस पैनगंगेस मिळते. तिचा पूर इसापूरच्या भिंतीने अडत नाही. म्हणून हिंगोलीकडे रात्री कोसळलेला पाऊस सहस्रकुंडावर स्वच्छ ऊन असतानाही येऊन धडकू शकतो. आकाश निरभ्र आहे, एवढ्यावर पात्रात पाऊल टाकणे हे शौर्य नव्हे, अज्ञान होय. वर पाऊस झाला काय, धरणातून पाणी सोडले काय, हे स्थानिक लोकांस विचारावे आणि धबधबा काठावरूनच पाहावा. काठावरून तो काही कमी सुंदर दिसत नाही.

दिवेलागणीच्या सुमारास गाडी परत फिरते. पैनगंगेचा प्रवास मात्र चालूच असतो. ती पूर्वेकडे जाऊन वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. डोंगरकड्याच्या दक्षिणेस नांदेडजवळून वाहत गेलेली गोदावरी ती हीच.