कुटुंबाचे समूहछायाचित्र आणि नातेवाचक शब्द

मोठ्या कुटुंबाचे समूहछायाचित्र घेणे हे वरकरणी केवळ छायाचित्रकाराचे काम दिसते. परंतु चाळीस-पंचेचाळीस माणसांना तीन-चार रांगांत बसविताना जे निर्णय घ्यावे लागतात ते बहुतेक नात्यांचे निर्णय असतात, आणि पुढे त्या चित्राखाली नावे लिहिताना तर प्रश्न सर्वस्वी भाषेचाच होतो. प्रस्तुत लेखकाच्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन गतवर्षी सातारा जिल्ह्यातील तिच्या सासरच्या गावी झाले. त्या प्रसंगी जमलेल्या ४३ जणांचे छायाचित्र घेण्याचे काम लेखकाकडे आले. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

तंत्राचा भाग प्रथम सांगून टाकू. रांगा सरळ न ठेवता किंचित चंद्रकोरीसारख्या वळवाव्या, म्हणजे कडेची माणसे व मधली माणसे भिंगापासून साधारण सारख्या अंतरावर येतात. विस्तृत कोनाचे भिंग जवळून वापरल्यास कडेचे चेहरे ताणले जातात. त्यापेक्षा आपणच मागे सरावे. छिद्र एफ ८ किंवा एफ ११ इतके लहान ठेवले की पुढील व मागील अशा दोन्ही रांगा स्पष्ट उमटतात. ऊन तोंडावर नको, सावली हवी. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर असावा. राहता राहिले डोळ्यांचे मिटणे. पिअर्स बार्न्स व निक स्वेन्सन या ऑस्ट्रेलियातील दोघांनी याचे गणित मांडले व त्याबद्दल त्यांना २००६ चे इग्‌ नोबेल पारितोषिकही मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असल्यास संख्येला तिनाने भागावे व तितकी चित्रे घ्यावी, असे ते सांगतात. पन्नासाच्या आसपास मात्र आशा जवळजवळ सोडावी. आम्ही अकरा चित्रे घेतली. एका दिराचे डोळे अकराही चित्रांत मिटलेले आहेत.

आता मुख्य मुद्दा. नातेवाचक शब्द हा सापेक्ष शब्द होय. तो कोणाच्या तरी संबंधात उच्चारला जातो. मध्यभागी कोण बसणार हे ठरले की त्या क्षणापुरता तो संदर्भबिंदू निश्चित होतो आणि बाकीची माणसे त्याच्याभोवती रचली जातात. आमच्या चित्रात मध्ये आत्या, तिच्या उजव्या हाताला दीर व जावा, डाव्या हाताला माहेरची मंडळी, म्हणजे भाऊ व भावजया. आत्या व तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, शेजारीशेजारी बसले आणि मी त्या दोघांच्या मागे उभा राहिलो. एकाच वेळी मी आत्याचा भाचा व काकांचा पुतण्या होतो. पुरुषाला भावाचा मुलगा पुतण्या आणि स्त्रीला भावाचा मुलगा भाचा; बोलणारा पुरुष की स्त्री यावर शब्द फिरतो. इंग्रजी प्रश्नावलीतील ‘नेफ्यू’ हा शब्द पुढे करून जो विद्यार्थी सामग्री गोळा करील त्याच्या हाती हा भेद लागणे कठीण. तोच विद्यार्थी कुटुंबाचे छायाचित्र दोघांपुढे ठेवून ‘हा तुमचा कोण?’ असे विचारील, तर भेद आपोआप बाहेर येईल.

याहून अवघड प्रसंग आत्याच्या सुनेचा. ती आत्याच्या थोरल्या भावाचीच मुलगी. दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल आहे, हे इरावती कर्वे यांच्या १९५३ च्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथाच्या वाचकांस परिचित आहेच. भाची या नात्याने तिची जागा डावीकडे, सून या नात्याने उजवीकडे. ती दोनदा उठली, दोनदा बसली, आणि शेवटी आत्यानेच ‘तू माझ्या पायाशी बस’ असे सांगून प्रश्न सोडविला. ही सून सासूला आजही आत्या म्हणूनच हाक मारते.

चित्राखालच्या नोंदीकडे मात्र आपण फारच निष्काळजीपणे पाहतो. आमच्या घरी १९४७ चे एक समूहछायाचित्र आहे. त्याच्या पाठीवर आजोबांनी ‘उभ्या, डावीकडून’ असे लिहून पाच स्त्रियांची नोंद केली आहे. आजोबा स्वतः त्या चित्रात खुर्चीवर बसलेले. त्यांनी डावी बाजू धरली ती बसणाऱ्याची. आम्ही वाचली ती पाहणाऱ्याची. परिणामी मधली स्त्री तेवढी बरोबर राहिली आणि उरलेल्या चौघींची नावे दोन पिढ्या उलटी वाचली गेली. आत्या त्या चित्रात तीनएक वर्षांची, आजीच्या मांडीवर आहे. समारंभाच्या आदल्या रात्री चित्र तिच्या हाती दिले, तेव्हा हनुवटीवरचे गोंदण पाहून तिने आपली चुलत आजी ओळखली आणि सगळी रांग उलगडली.

रांगेच्या टोकाला एक विधवा स्त्री आहे. तिच्यापुढे ‘ती. आत्या’ एवढेच लिहिलेले आहे. आजोबांना तेवढे पुरेसे होते, कारण संदर्भबिंदू ते स्वतः होते. माझ्या वडिलांच्या पिढीने ‘आत्या’ म्हणजे आपली आत्या असा अर्थ केला. तो कालदृष्ट्याच अशक्य होता. आत्याला नाव विचारले. ‘आम्ही सारी पोरे तिला आत्याआजीच म्हणत असू,’ ती म्हणाली. माहेरचे नाव एक, सासरी ठेवलेले दुसरे, आणि वैधव्यानंतर माहेरी परतल्यावर भावजया हाक मारीत ती ‘वन्सं’ अशी. तीन घरांतले कोणते नाव लिहावे हे ठरविण्यासाठी आधी त्यांपैकी एखादे तरी कोणाला आठवायला हवे होते.

नव्या चित्राची नोंद आम्ही त्याच संध्याकाळी केली. प्रत्येक नावापुढे आत्याशी असलेले नाते व स्त्रियांची दोन्ही नावे लिहिली, आणि ‘पाहणाऱ्याच्या डावीकडून’ असे स्पष्ट नमूद केले. जुन्या चित्राची दुरुस्त नोंद वेगळ्या कागदावर केली आहे. तीत पाचवी जागा कोरी आहे.