टोकं का करपली?

मुलांनो, आंबे खाऊन झाल्यावर कोय परसात टाकता ना? पहिल्या पावसात तिला कोंब फुटतो आणि मग आपण ते रोप कौतुकानं डब्यात लावतो. त्याची कोवळी पानं तांबूस दिसली तर घाबरू नका हं, आंब्याची पालवी तशीच असते. हळूहळू हिरवी होते.

आमच्या चौथीच्या वर्गानंही व्हरांड्यात अशी अकरा रोपं लावली होती. दिवाळीच्या सुटीनंतर पाहतो तर पानांची टोकं तपकिरी, करपलेली! "बाई, रोपं उपाशी आहेत," एक जण म्हणाला. मलाही ते पटलं आणि मी सगळ्यांना युरिया घातला, तोही अंदाजानं. आठवड्यात चार रोपं वाळली. चूक माझी होती. मुलांचे चेहरे पाहवेनात.

मग उरलेली रोपं नीट निरखली. मातीवर आणि डब्याच्या कडेला पांढरा थर होता. डब्याच्या तळाची भोकं चिखलानं बुजलेली. शाळेचं पाणी बोअरचं, क्षाराचं. मुळं ते पाणी शोषतात, ते पानापर्यंत चढतं आणि वाफ होऊन उडून जातं. क्षार मात्र उडत नाही. आंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्यात पांढरं साचतं ना, तसाच तो पानाच्या टोकाशी नि कडेला साचतो. म्हणून टोक आधी करपतं. खत जास्त झालं तरी हेच होतं. म्हणजे मी दुखण्यात भर घातली होती!

रोप खरंच उपाशी असलं, नत्र कमी पडलं, तर खालची जुनी पानं सबंध पिवळी पडतात, नुसती टोकं नव्हे. नवं पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर बहुधा लोह कमी पडतंय. आणि मातीत बोट खुपसून पाहा. आत चिखल, आंबूस वास आला तर मुळं गुदमरताहेत, पाणी थांबवा. माती कोरडी ठक्क असेल तर तहान आहे, दुसरं काय!

आम्ही खिळ्यानं भोकं मोकळी केली. गोडं पाणी आणून खालून भरपूर वाहून जाईपर्यंत ओतलं, दोन-तीनदा. खत बंद. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, म्हणून आम्ही नव्या पानांची वाट पाहिली. फेब्रुवारीत सातांपैकी पाच रोपांना पालवी फुटली. तांबूस, अगदी टोकापर्यंत.