तलावाभोवतीची फरशी का खचते?

अलिबाग, कर्जत, लोणावळ्याकडे बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधणाऱ्या कंत्राटदारांना एक तक्रार हमखास ऐकावी लागते: तलावाभोवतीचे पेव्हर ब्लॉक खचले!

दोष बहुधा ब्लॉकचा नसतो. खड्डा तलावापेक्षा मोठा खणतात आणि भिंतीमागची पोकळी तीच माती लोटून भरतात. पावसाळ्यात हा भराव बसतो, वरची फरशी कलते. काळी माती असेल तर ती फुगते, आक्रसते आणि त्रास वाढवते.

नुसती वाळू टाकून ब्लॉक पुन्हा बसवणे व्यर्थ. आधी गळती तपासावी. पंप बंद ठेवून तलावाच्या पायरीवर पाण्याची बादली ठेवावी व दोन्ही पातळ्यांवर खूण करावी. २४ तासांनी तलावाचे पाणी बादलीपेक्षा जास्त उतरले, तर गळती समजावी. ती बुजवून सैल माती काढावी. मुरूम ओलसर करून सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांत धुमसावा. फरशीचा उतार तलावापासून दूर ठेवावा.

कंत्राटदार बांधवांनी या धुमसाईचा खर्च दरपत्रकात स्वतंत्र लिहावा आणि घरमालकांनी तो कापू नये, असे आम्ही सुचवतो. इथे वाचवलेला पैसा पुढे दुप्पट जातो. शिवाय धंद्यातला विश्वासही जातो.