विम्याबाहेरची गोळी

भिलाई पोलाद कारखान्याच्या कायम कामगारास सेक्टर ९ मधील रुग्णालयाचा आधार असतो. ठेकेदाराच्या मजुरास तो असतोच असे नाही. मालकाने खाजगी आरोग्यविमा उतरविला तरी संततिनियमनाचा खर्च सहसा त्यात बसत नाही. विमा नियामकाने २०१९ साली ठरविलेल्या अपवादांतच संततिप्रतिबंध व नसबंदी यांचा उल्लेख आहे. सरकारी दवाखान्यात मात्र निरोध, तांबी आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सिद्ध झालेली, संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळी विनामूल्य मिळते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदाच घ्यावयाची. परंतु रोजंदारीवरील स्त्रीला दवाखान्याची फेरी म्हणजे दिवसभराच्या मजुरीवर पाणी! ही अडचण जाणून २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांकरवी (छत्तीसगढमध्ये त्यांना मितानिन म्हणतात) साधने घरपोच देण्याची योजना निघाली. महिन्याच्या गोळ्यांमागे आकार अवघा १ रुपया.